पायाची सुट्टी

खंडेनवमीला आई विळा, कुदळ आणि शिलाई मशीनच्या रांगेत वडिलांचा प्लास्टिकचा पायही मांडायची. पूजलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नसतं. त्यामुळे एरवी आदिलाबादच्या कापूसबाजारात दिवसभर फिरणारे वडील माझ्या शेजारी बसून जपानी कार्टून बघायचे. त्यातले पोलीस अर्धे यंत्र होते. हात तुटला की नवा बसवून लगेच ड्यूटीवर.

वडील चिडायचे. "काऊन पळवून राह्यले यायले? यायच्या घरी नवमी नाही काय?"

आता ते कार्टून मोबाईलवर केव्हाही दिसतं, पण मी नवमीलाच लावतो. पाय समोर पूजेत असतो. दुसऱ्या दिवशी आई कुंकू पुसून तो वडिलांच्या रिकाम्या बाजेजवळ ठेवते, हाताला लागेल असा.