उखाण्यातला एक शब्द

साताऱ्याहून निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. सातवा महिना, हातात हिरवा चुडा, आणि मोबाईल ती सारखा उघडून बघत होती.

"आज डोहाळजेवण हाय," ती आपणहून म्हणाली. "बाया नाव घ्यायला लावणार. आन् मालकांचा परवापासनं फोन न्हाई. बॉर्डरवर हायेत."

फौजींच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं उखाणा मागितला होता. फलटणच्या एकीनं पहिली ओळ दिली, कडेगावच्या एकीनं दुसरी जोडली. दोघींनाही तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं तो मला हळूच वाचून दाखवला. "तिकडं डोंगरात बर्फ, इकडं ऊस रानात, अमुकरावांचा आवाज रोज माझ्या कानात."

"पण रोज कसं म्हनू?" तिनं ग्रुपवर विचारलं. लगेच कुणीतरी 'रोज' काढून 'अजून' घातलं.

"अजून नगं बाई," ती पुटपुटली. "अजून म्हनलं की लय भ्या वाटतं."

मी सहसा गाडीत कुणाशी बोलत नाही. तरी तोंडून निघालं, "ताई, 'येईल' म्हणा."

तिनं ते टाईप केलं. ग्रुपवर भराभर अंगठे आले. मोबाईल थरथरला की ती आधी नाव बघायची, मग खाली ठेवायची.

रहिमतपूरला ती उतरली. इतक्या अनोळखी बायकांनी जुळवलेल्या दोन ओळींत माझाही एक शब्द होता, आणि तो खोटा ठरेल या भीतीनं मी खिडकीतून बघत राहिले. तिचे ओठ उखाणा घोकत होते. मोबाईल तिनं कानाशी धरला होता. तो वाजला नव्हता.