अजगराला केवढा ससा द्यावा

नव्वदच्या दशकात मी न्यूझीलंडमधल्या ओटाहुहूच्या एका दवाखान्यात फार्मसिस्ट होते. तिथली एक नर्स दुपारी माझ्यासोबत डबा खायची. ती दक्षिण आफ्रिकेची. या देशात साप पाळायला बंदी असल्यामुळे तिला आपला अजगर तिकडे भावाकडे सोडून यावं लागलं होतं.

एकदा जेवताना भावाचा फोन आला. अजगराने गिळलेला ससा दुसऱ्या दिवशी ओकून टाकला होता.

"केवढा होता?" तिने विचारलं. उत्तर ऐकून तिने डबा बाजूला सारला. मग सावकाश सांगू लागली, "त्याचं अंग जिथे सगळ्यात जाड आहे, तेवढ्याच जाडीचा ससा घ्यायचा. जिवंत मुळीच नको, ससा घाबरून अजगरालाच चावतो. फ्रीजरमधला आण, आतपर्यंत वितळू दे, कोमट कर. पण आता निदान दोन आठवडे काही देऊ नकोस, पोटाला आराम हवा."

मी जन्मापासून शाकाहारी. खरं तर किळस यायला हवी होती. पण आजारी लेकराला काय भरवायचं, हे लांबून समजावणाऱ्या बाईचा आवाज होता तो. मी पोळी खाली ठेवून ऐकत राहिले.

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "खाल्लं त्याने. लहान ससा दिला होता."

"तुझी आठवण येत असेल त्याला?"

"नाही गं. साप माणसांची आठवण काढत नाहीत," ती शांतपणे म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला उठली.