सुनंदाची दुसरी खुर्ची

जूनचा दुसरा रविवार, सकाळ. कुरवंडे, सुनंदाचं घर. अंत्ययात्रेला हजर : सुनंदाचे यजमान दिलीपराव, पुण्याहून आलेली मुलगी गौरी, शेजारच्या मालनमावशी, मी आणि तिचे बरेच जुने विद्यार्थी. जिथे तिने उमेदीची सगळी वर्षं इतिहास शिकवला, त्या लोणावळ्याच्या शाळेतून कुणीही नाही. कोण आलं, कोण राहिलं हे टिपायची मला सवय आहे. त्या दिवशी ही सवय नसती तर बरं झालं असतं.

पहाटे दिलीपरावांचा फोन आला होता. "गेली हो ती," एवढंच म्हणाले... मी गॅस बंद केला आणि कुणाकुणाला कळवायचं ते आठवू लागले. सगळ्यात आधी आठवलेला नंबर तिचाच होता.

शिकवण्यावरून आमचं कधी पटलं नाही. मी लोणावळ्यात शिकवणी घेते. पाढे पाठ, शुद्धलेखन रोज. ती म्हणायची, "कर तू पोपट तयार." मी म्हणायचे, "आणि तू वकील!" तिच्या वर्गात समोरासमोर दोन खुर्च्या असत, तिने माहेरून आणलेल्या. मुलाने एकीत बसून आपलं मत मांडायचं, मग उठून दुसरीत बसायचं आणि स्वतःलाच खोडून काढायचं. एकदा तिने मलाही बसवलं. पाढ्यांविरुद्ध मला इतके मुद्दे सुचले, की मी चिडून चहा न घेताच निघाले.

मागच्या निवडणुकीआधी शाळेच्या एका विश्वस्ताने आपल्या पक्षाच्या सभेला मुलं न्यायचं ठरवलं. सुनंदा म्हणाली, माझा वर्ग जाणार नाही. लगेच दुसऱ्या पक्षाची माणसं शाल-नारळ घेऊन तिच्या दारात. "बाई, तुमी तर आमच्याच!" तिने त्यांनाही सांगितलं, "शाल परत न्या. सभा तुमची असती तरी मुलं आली नसती." मग तिच्या बाजूने बोलायला कुणी उरलंच नाही. बाई मुलांच्या डोक्यात राजकारण भरतात, अशी पालकांची तक्रार आली. तिचा वर्ग काढून घेतला. एक खुर्ची मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. राजीनामा देऊन ती उरलेली खुर्ची रिक्षात घालून घरी आली.

पुढे ती ओसरीवर गावातल्या मुलांना शिकवायची. पण तो शिक्का तिला आतून पोखरत राहिला. "मी नक्की कुणाच्या बाजूची होते गं?" आजारपणातही हेच विचारायची. शेवटच्या भेटीत म्हणाली, "शाळेत राहिलेली तेवढी खुर्ची आण. दुसरी बाजू मांडताना पोरं पायरीवर बसतात. दोघांची उंची सारखी नको का?"

"सोमवारी आणते," मी म्हटलं. रविवारी ती गेली.

परवा मालनमावशी सांगत होत्या, "बाई पोरांस्नी भांडाया लावायच्या, पर मारामारी कदी न्हाई झाली. आता माझी नात घरात दोन पाट मांडती. लय डोकं खाती." हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

काल ओसरीवर तिच्या खुर्चीत बसले. "पाढे पाठ हवेतच," असं मोठ्याने म्हणाले आणि थांबले... समोर नुसती पायरी.

रिक्षा सांगून ठेवली आहे. बांधायला दोरी काढली आहे. शाळेच्या फाटकापर्यंत जाऊनही आले. खुर्ची आणायची अजून राहिली आहे.