पात्यावर फोडलेला नारळ

खंडेनवमी जवळ आली की चाकणकडच्या रस्त्यावर झेंडूच्या माळांनी मढलेले ट्रक दिसू लागतात आणि माझ्या तोंडाची चव जाते. लोकांना सण आठवतो, मला फुटलेला नारळ.

मी विमान उलटंपालटं उडवते, आणि तेही स्पर्धेत. आकाशात आखून दिलेल्या चौकोनात गिरक्या घ्यायच्या, कोलांट्या मारायच्या, आणि खाली बसलेले पंच रेघ जरा वाकडी गेली की गुण कापणार. आपल्याकडे बाईनं विमान उडवणं कौतुकाचं, उलटं उडवणं मात्र वेडेपणाचं, म्हणून हे शिकायला मी परदेशात गेले आणि वर्षानुवर्षं भाड्याच्या विमानांवर स्पर्धा लढले. मग एकदाचं हक्काचं विमान मिळालं. मोटारींचे पत्र्याचे भाग ठोकून काढणारा चाकणचा एक कारखाना, त्याच्या मालकांनी ते घेतलं. पंखांवर नाव कारखान्याचं, उडवणार मी. कंटेनरमधून आलं, त्यांच्याच शेडमध्ये जोडलं. दसऱ्यानंतर विमानतळावर हलवायचं, सराव करायचा आणि हिवाळ्यात स्पर्धेला उतरायचं. माझं सगळं वर्ष त्या एका स्पर्धेवर टांगलेलं होतं.

"म्याडम, नवीन मशिन हाय, पूजेबिगर हलवायचं न्हाई," मालक म्हणाले.

पूजेला माझी ना नव्हती. माझे वडील टर्नर होते. खंडेनवमीला ते लेथ असं पुसायचे की घरात आम्हा पोरांनाही कुणी तसं पुसलं नसेल. म्हटलं, करा.

खंडेनवमीला शेडमध्ये पोचले तर विमानात माझ्या सीटवर मालकांचे जावई. गॉगल लावलेला, बूट तसेच पायात, अंगठा वर केलेला, आणि भोवती मोबाइल धरलेली मंडळी. माझ्या हातात मालकीणबाईंनी तबक दिलं. त्यांना सगळे काकू म्हणत.

"तू लक्ष्मी. तूच ओवाळ."

म्हणजे ते विमान ज्या एकाच माणसाला उडवता येत होतं, तिनं खाली उभं राहून निरांजन फिरवायचं. कुणावरून, तर ज्याला विमानाचा ब्रेकही सापडला नसता त्याच्यावरून. मला शिसारी आली. तरी ओवाळलं. प्रायोजकाच्या दारात माणूस फार गोड होतो, आणि त्या गोडव्याचीही मला शिसारीच येते.

आता प्रेसच्या कारखान्यांतली एक रीत सांगते. तिथे नारळ दगडावर फोडत नाहीत, मशिनच्या ओतीव पायावरच आपटतात. दिवसभर पत्रा ठोकणारं ते धूड, त्याला नारळाचं काय! त्याच सवयीनं मालक नारळ उगारून पुढे झाले. प्रोपेलरचं पातं आतून लाकडाचं असतं, वरून फक्त पातळ कवच. मी ओरडले. पण हलगी जोरात होती, दोन्ही हातांत तबक होतं आणि तबकात पेटतं निरांजन. नारळ पात्याच्या धारेवर फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तबक खाली ठेवून मी पातं पदरानं पुसलं. हो, त्या दिवशी मला नऊवारीत बोलावलं होतं. हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी यांचा चिकट लगदा निघाला आणि खाली तडा दिसला, नख अडकेल एवढा.

"हे आता उडणार नाही," मी म्हणाले.

"एवढ्याशा चिरीनं? आवं, देवाचं झालंय, काय व्हत न्हाई."

"वर गेल्यावर हे पातं तुटलं तर इंजिन जागेवरून उखडेल."

जावईबापूंनी सीटवरूनच सुचवलं, "वेल्डिंग मारून घेऊ ना."

लाकडाला वेल्डिंग! मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तसलं पातं मागणी दिल्यावर तिकडे परदेशात घडवतात आणि ते इथे येईपर्यंत स्पर्धा उरकून गेली असती. हे मी मालकांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "मग पुढच्या साली बघू की," आणि पेढे वाटायला गेले. मलाही एक दिला.

नारळ भलत्या जागी फोडला, असं कारखान्यात कुणीच म्हणेना. मालकांचा हात चुकतो थोडाच! मग खापर फोडायला दुसरं डोकं शोधलं गेलं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, आवाजात साखर घोळलेली.

"तुझी पाळी होती का गं? सांगायचं ना. तबक दुसरीनं धरलं असतं."

मी फोन आपटला. असल्या गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं, एवढं मला कळत होतं. पण माझ्या उत्तरासाठी कुणी थांबलंच नव्हतं. शेडमधून ती गोष्ट कँटीनला गेली आणि दिवाळीच्या आत आमच्या सांगवीतल्या गल्लीत पोचली.

माझी आई लातूरकडची. पोरगी एकटी परदेशी निघाली म्हणून भावकी दारात येऊन बसली होती, तेव्हा तिनं एकटीनं सगळ्यांना वाटेला लावलं होतं. मी आकाशात उलटी लटकते हे कळल्यावरही तिनं फक्त, "पट्टा नीट बांध," एवढंच म्हटलं होतं. जगात एक तरी माणूस मला खुळचट प्रश्न विचारणार नाही, याची मला खात्री होती.

पाडव्याला आम्ही दोघीच जेवायला बसलो. तिनं भात वाढला, वर वरण घातलं आणि तूप वाढता वाढता थांबली.

"बाई, लोक बोलायलेत. मला तरी खरं सांग. त्या दिवशी व्हती का तुला?"

मी भरल्या ताटावरून उठले.