रेमी धानेचं कार्ड

आमच्या स्कोरबेके गावात कुणी गेलं की पहिल्यांदा पाद्र्याला कळायचं, मग ओमेर बाकलांटला आणि त्यानंतर लांबच्या नातेवाइकांना. मयत ओळखीच्याची असो नाहीतर नसो, काळा कोट चढवून ओमेर चर्चमध्ये हजर. अर्पणाच्या वेळी तो रांगेतून पुढे जायचा, थाळीत नाणं टाकायचा आणि मयतीचं कार्ड घ्यायचा. एक नव्हे, दोन. एक स्वतःच्या संग्रहासाठी, दुसरं अदलाबदलीसाठी. कार्डावर गेलेल्या माणसाचा फोटो, जन्ममृत्यूच्या तारखा, तो कुणाचा नवरा किंवा ती कुणाची आई, आणि खाली दोन ओळींची प्रार्थना. आम्ही बाकीचे लोक ही कार्डं प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतो. ओमेर ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवायचा, आडनावाप्रमाणे लावून.

"ह्याला माणूस गेल्याचं दुःख नाही, कार्ड मिळाल्याचा आनंद," असं गावातले खवचट लोक म्हणत. ते काही खरं नव्हतं. निदान सगळं खरं नव्हतं.

ओमेरनं सगळा जन्म बेकरीची गाडी चालवली. रोज घरोघरी मागच्या दाराशी पाव पोचवायचा. पुढचं दार आमच्याकडे पाद्री आणि शवपेटी ह्यांच्यासाठीच उघडतं. पाववाला, शेजारी, उसनं मागणारे सगळे मागून. आणि मागच्या दारात माणसं मोकळी असतात. "ओमेर, माळा आवरलाय, हे जुने कागद नेतोस का?" असं एखादी म्हणायची, आणि पावाच्या रिकाम्या टोपलीतून कागद घरी यायचे. चर्चच्या चौकाची जुनी पोस्टकार्डं, बंद पडलेल्या बियरची लेबलं, ट्रामची तिकिटं, निवडणुकीची पत्रकं. एका पोस्टकार्डावर नव्या स्टेशनचं दिमाखदार चित्र होतं आणि कोपऱ्यात स्टेशनमास्तरची बायको लंगोट वाळत घालत होती. ते त्याचं लाडकं. पण खरा जीव मयतीच्या कार्डांतच.

"पाहुण्यांची खोली मेलेल्यांनी अडवलीय," त्याची बायको जॉर्जेट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "नातवंडं आली की सोफ्यावर झोपतात. मेलेले बिचारे कुरकुर तरी करत नाहीत."

ह्या छंदात ओमेरचा एकच धर्म होता: नक्कल चालायची नाही. शेजारच्या गावातल्या हिलेर क्लाइसनं एकदा अदलाबदलीच्या बाजारात जुन्या पवनचक्कीच्या पोस्टकार्डाची रंगीत झेरॉक्स त्याच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. ओमेरनं चारचौघांत त्याची अशी बिनपाण्यानं केली की पुढे कित्येक महिने दोघं एकमेकांकडे पाठ करून बियर पीत.

तर एका शरद ऋतूत गावच्या इतिहास मंडळानं ओमेरच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवलं. ओमेरनं लांब टेबलावर डबे मांडले आणि वर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'आपल्या गावातलं एकही माणूस सुटलेलं नाही.' नको तिथे फुशारकी, दुसरं काय. पण लोक खूश होते. जो तो आपल्या आडनावाचा डबा उघडून आजोबा-पणजोबा शोधत होता, घराण्यातल्या नाकावरून हसत होता, मध्येच डोळे पुसत होता.

झुल्मा धाने वॉकर ढकलत आली. नव्वदीकडे झुकलेली, बिनलग्नाची, कालव्याकाठच्या शेवटच्या घरात एकटी राहणारी. तिनं तिच्या आडनावाचा डबा ओढला आणि एकेक कार्ड बाहेर काढलं. वडील सापडले. आई सापडली. नन झालेली आत्यासुद्धा सापडली. तिनं पुन्हा पहिल्यापासून डबा बघितला.

"ओमेर, आमचा रेमी कुठं ठेवलायस?"

"कोण रेमी?"

"माझा भाऊ."

"तुम्हाला भाऊ होता?" ओमेरच्या तोंडून निघून गेलं.

ह्या बाईच्या मागच्या दारात तो जन्मभर पाव देत आला होता. तिला पावाची कड करपलेली लागते हे त्याला ठाऊक. हिवाळ्यात कुठली फरशी निसरडी होते तेही ठाऊक. आणि तिला भाऊ होता हे ठाऊक नव्हतं, कारण ज्याचं कार्ड नाही तो माणूस त्याच्या लेखी जन्मालाच आला नव्हता.

झुल्मानं तिथंच, खुर्चीत बसून, सांगितलं. रेमी तिच्याहून लहान, विशी गाठायचा होता. ओमेर तेव्हा पाळण्यात असेल. गावच्या जत्रेत रेमी नाचला, प्यायला, एका मुलीनं त्याला नाही म्हटलं. सकाळी कालव्याच्या काठावर त्याची टोपी सापडली आणि दुपारी तो.

"पाय घसरला की उडी मारली, ते कालव्यानं सांगितलं नाही आणि पाद्र्यानं विचारलं नाही," झुल्मा म्हणाली. "त्यानं उडीच ठरवून टाकली. जीव देणाऱ्याला घंटा नाही, प्रार्थना नाही. बाबांनी त्याला दफनभूमीच्या कुंपणापलीकडे पुरला. मयतच झाली नाही, मग कार्ड कुठलं?"

ओमेरनं त्याच दिवशी पाटी काढली. काढून काय उपयोग, लोकांनी वाचली होती, आणि तिनंही.

आठवड्याभरानं झुल्मानं त्याला मागच्या दारातून हाक मारली, कॉफी पुढे केली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"तू त्या बंद झालेल्या छापखान्याची काळ्या किनारीची कोरी कार्डं उचलली होतीस ना? जुनी?"

"उचलली होती."

"एक छापून दे, रेमीचं. एकच. पुस्तकात आईच्या शेजारी ठेवते. वर गेल्यावर आई विचारील, रेमीचं काय केलंस? तेव्हा हातात काही नको?"

ओमेरनं कप खाली ठेवला. "ते खोटं होईल हो, झुल्मा. त्या काळचं कार्ड आत्ता छापायचं..."

"मग खोटं दे. खऱ्याची वाट बघून म्हातारी झाले मी."

घरी जॉर्जेट सूपसाठी भाजी चिरत होती. ओमेरनं सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"एवढं काय घोडं अडलंय? टाक छापून."

"हिलेरला मी चारचौघांत काय काय बोललो होतो, आठवतंय ना? आणि आता मीच?"

"हिलेर पवनचक्की खपवत होता. ही बाई भाऊ मागतेय. एवढा फरक कळत नसेल तर तू आपला पावच वाटत राहायचास."

ओमेर टेबलाशी बसला. काळ्या किनारीचं कोरं कार्ड समोर ठेवलं. रेमीचा फोटो झुल्मानं दिला होता, सायकलवर बसलेला, हसण्यात दात किंचित वाकडे. आता मजकूर. त्या काळच्या प्रत्येक कार्डावर एक ओळ असायचीच: अंतिम संस्कारांनी पावन होऊन प्रभूच्या चरणी विलीन. रेमीला कुठलाच संस्कार मिळाला नव्हता. ओळ घातली तर धडधडीत खोटं, गाळली तर कार्डच ओरडून सांगणार की ह्याच्याशी काय झालं. ओमेरनं पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एका मेलेल्या पोरापुढे आपण कारकुनासारखे अडून बसलोय ह्याची त्याला लाज वाटली, तरी हात चालेना.

मन रमवायला त्यानं डब्यातून स्वतःच्या आईचं कार्ड काढलं. कागद साधाच, छपाई वाकडी, तिच्या नावातलं एक अक्षर पुसट. पण ते त्यानं रांगेत उभं राहून घेतलं होतं, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, मागे मावशा, पुढे गाववाले. त्या रांगेशिवाय तो नुसता छापील कागद होता. एवढे डबे भरले, पण ही साधी गोष्ट त्याला तेव्हा कुठे उमगली.

तो कोट घालून पाद्र्याकडे गेला. फादर सेलेस्तँ काँगोचे; आमच्यासह आसपासच्या पाच गावांची चर्चं एकटे सांभाळतात आणि गाडी भरधाव हाकतात.

"फादर, एक मयत करायची आहे. उशीर झालाय."

"किती?"

"साठ वर्षांच्या वर."

फादर हसले नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आमच्याकडे शोक पुरा होईतो मयत पुरी होत नाही, कितीही वर्षं लागोत. तुम्हीच लोक भारी घाईचे. शनिवार चालेल?"

शनिवार झुल्मालाच चालेना. ओमेरनं सांगताच तिनं कपबशी खाली आदळली.

"मी कार्ड मागितलं होतं, तमाशा नव्हता मागितला! आई चर्चमध्ये जायची तेव्हा बाक रिकामा व्हायचा, माहितीय? आणि कुणी आलंच नाही तर? रिकाम्या चर्चमध्ये मी एकटी? एकदा एकट्यानं पुरलाय त्याला. पुन्हा नाही."

"माणसं मी आणतो."

"कुठून आणशील? डब्यातून?"

रविवारी ओमेर अदलाबदलीच्या बाजारात गेला आणि थेट हिलेर क्लाइसच्या टेबलापुढे उभा राहिला. हिलेरनं भुवया उंचावल्या.

"शनिवारी स्कोरबेकेत नवं कार्ड निघतंय," ओमेर म्हणाला. "साठ वर्षांपूर्वी गेलेल्या पोराचं, ह्या शनिवारच्या तारखेचं. असं कार्ड तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. पोस्टानं मिळणार नाही, मागाहून मिळणार नाही. रांगेत उभं राहील त्यालाच."

"माणशी किती?"

"एक."

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा."

हिलेरनं हातातली कार्डं खाली ठेवली. "कोण होता रे पोरगा?" त्यानं विचारलं. ओमेरनं सांगितलं. सांगताना आजूबाजूच्या टेबलांवरची घासाघीस थांबली.

काळ्या किनारीची जुनी कार्डं ओमेरनं वापरली नाहीत. ताज्या पांढऱ्या कागदावर, त्या शनिवारची तारीख घालून, शहरातून छापून आणलं: 'रेमी धाने, स्कोरबेकेचा. आपल्या कालव्यात बुडाला. आज आपण त्याला निरोप देत आहोत.' संस्कारांची ओळ त्यात नव्हती, आणि जे कुणाला ठाऊक नव्हतं तेही नव्हतं.

जॉर्जेटनं दोनदा जाऊन समजूत काढल्यावर झुल्मा कशीबशी तयार झाली होती. शनिवारी सकाळी ती जॉर्जेटचा हात धरून पहिल्या बाकावर येऊन बसली. मागे वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. चर्च तेव्हा रिकामं होतं, आणि ओमेर दाराशी उभा राहून घामाघूम झाला होता. मग एक गाडी आली. मग तीन. गेंट, ब्रुज अशा शहरांतून, कुठकुठून कार्डं जमवणारे आले. खिशात प्लॅस्टिकची पाकिटं, पण अंगात काळे कोट. हिलेर चक्क टाय बांधून आला होता. चर्चपुढे एवढ्या अनोळखी गाड्या बघून गावाला घरात बसवेना. बेकरीवाली आली, शाळेतल्या बाई आल्या, आणि मग म्हातारे, ज्यांना सगळं आठवत होतं आणि ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. रेमीसाठी घंटा वाजली तेव्हा झुल्मानं डोळे मिटून घेतले.

अर्पणाची रांग दारापर्यंत गेली. प्रत्येकानं कार्ड घेतलं आणि प्रत्येकाला, जमवणारा असो की शेजारी, झुल्माचा हात हातात घ्यावाच लागला. हिलेर तिच्यापुढे आला तेव्हा कार्ड पाकिटात घालायचं विसरून गेला. त्याच्यामागे काठी टेकत एक म्हातारा उभा होता, कुलुपं दुरुस्त करणारा आल्बेरिक.

"रेमी शाळेत माझ्या बाकावर बसायचा," तो म्हणाला. "शीळ काय झकास घालायचा, झुल्मा! आमच्या घरी त्याचं नाव काढायची बंदी होती. मी ऐकलं. ऐकायला नको होतं."

झुल्मानं मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते. जॉर्जेटला त्याचीच काळजी वाटत होती. सगळी रांग सरली तेव्हा फादर खाली उतरून आले आणि त्यांनी एक कार्ड तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं अंगठ्यानं त्या सायकलवरच्या पोराचा चेहरा चाचपला. मग ओमेरकडे पाहिलं.

"इतकी वर्षं तो नुसता नव्हता रे," ती म्हणाली. "आज गेला."

आणि भाऊ गेल्याच्या दिवशी बहीण रडते तशी ती रडली, मोठ्यानं, भरल्या चर्चमध्ये, कुणाचीही पर्वा न करता.