घाटंजीहून आणलेलं मिलिंग मशीन

धामणगाव स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि जानेवारीची थंडी शालीतून आत शिरत होती. संगमनेरहून निघताना यजमानांनी दोनदा विचारलं होतं, जुनं लोखंड आणायला एवढ्या लांब कशाला जायचं? त्यांचंही चुकत नव्हतं. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत शाळांसाठी छोट्या दुर्बिणी बनवते. लोखंड फिरवून गोल कापायचं लेथ आहे, पण दुर्बीण ज्या बैठकीवर फिरते तिचे सपाट भाग आणि खाचा लेथवर मनासारख्या होत नाहीत. त्याला मिलिंग मशीन हवं. फिरत्या कटरखाली लोखंड सरकवत नेऊन तासायचं, एवढंच त्याचं काम. नवं घेणं आवाक्याबाहेरचं. घाटंजीजवळच्या एका तांड्यावर (बंजारा वस्तीवर) पंजाबातल्या बटाल्याच्या बनावटीचं एक लहान मशीन विकायचं आहे, असं मोबाइलवर दिसलं. फोनवर बोलणं झालं आणि मी निघाले.

धामणगावहून यवतमाळ एका एसटीने, तिथून पांढरकवड्याला जाणारी दुसरी. यवतमाळ मागे पडलं की रस्ता सागाच्या जंगलातून चढउतार करत जातो. सागाची पानं तांबूस होऊन गळायला लागली होती. जंगल संपलं की शेतं, कुठे वेचणी अर्धी झालेली पऱ्हाटी (कपाशी), कुठे कापणीला आलेली तूर. शेजारच्या बाईंनी न विचारताच ओंजळभर तुरीच्या शेंगा माझ्या पदरात टाकल्या. शेंगा सोलत, दाणे खात, बाहेर बघत मी इतकी रमले की घाटंजी आलं ते कंडक्टरने हाक मारल्यावर कळलं. बाजाराचा दिवस होता. चढणाऱ्यांच्या गर्दीतून कशीबशी खाली उतरले, बस निघून गेली, आणि मग लक्षात आलं की निळी पिशवी वरच्या फळीवर राहिली.

त्या पिशवीत माझं डायल गेज होतं. घड्याळासारखं दिसणारं हे साधन मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतं. जुनं मशीन कुठे किती झिजलंय ते डोळ्यांना दिसत नाही, याला दिसतं.

हिरामणभाऊ मला घ्यायला स्टँडवर ऑटो घेऊन आले होते. सत्तरीकडे झुकलेले, पांढरा सदरा, जाड भिंगांचा चष्मा. पिशवीचं ऐकून ते शांतपणे चौकशीच्या खिडकीशी गेले आणि तिथल्या माणसाला कंडक्टरला फोन लावायला सांगितलं. पिशवी सापडली होती. बस परत यायला साडेचार होणार होते. मी म्हटलं, असू द्या, मशीन नुसतं बघून घेईन, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे.

"मोजल्याबिगर घेऊ नका ताई," ते म्हणाले. "मी देनार बी नाही."

तांडा गावापासून सहा-सात किलोमीटरवर. घराला लागून पत्र्याची शेड आणि तिच्यात तेलाने पुसून ठेवलेलं ते हिरवं मशीन. हिरामणभाऊंनी अर्धं आयुष्य जिनिंगच्या (सरकी काढण्याच्या) कारखान्यात फिटर म्हणून घालवलं होतं. तो बंद पडला तेव्हा तिथलं हे मशीन त्यांनी विकत घेतलं आणि आजूबाजूच्या गावांतल्या पंपांचे, मळणीयंत्रांचे भाग त्यावर बनवले. आता उजवा खांदा हँडल फिरवू देत नव्हता. जाहिरात सुनेने टाकली होती.

जेवायला त्यांच्या पत्नी सोनाबाईंनी ज्वारीची भाकर, सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि ठेचा वाढला. नवऱ्याशी त्या गोरबोलीत (बंजारा भाषेत) बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत. मास्तरणीला लोखंडाचं येड कसं लागलं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी चंद्रावरच्या खड्ड्यांचं सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

साडेचारला स्टँडवर पिशवी हातात आली. शेडमध्ये परतून मी गेज लावलं आणि लोखंड ज्यावर बसवतात ते मशीनचं टेबल सावकाश सरकवलं. मध्यावर येताच सुई ढळली. दुसऱ्यांदा केलं, तेवढीच ढळली. सात शतांश मिलिमीटर झीज. हिरामणभाऊ चष्मा वर करून अगदी जवळ वाकले होते. त्यांनी स्वतः डाव्या हाताने हँडल फिरवून पाहिलं. मग ते स्टुलावर बसले.

"मले ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "लोकायले सांगत आलो, टेबल सरळ हाये म्हणून. हे नका नेऊ ताई."

दारातून सोनाबाई गोरबोलीत काहीतरी बोलल्या. मला वाटलं, पिशवी सापडलीच नसती तर बरं झालं असतं. या माणसाला एवढं वाईट वाटलं नसतं. आणि लगेच त्या विचाराची लाज वाटली.

काहीतरी करायचं म्हणून मी टेबल पुढे सरकवत राहिले. डाव्या टोकाच्या वीतभर भागात सुई जागची हलली नाही. तिथे फारसं काम झालंच नव्हतं.

"माझे तुकडे तळहाताएवढे असतात, भाऊ. मला एवढी जागा पुरते."

"आज पुरते. उद्या मोठं काम आलं तर?"

"तेव्हा टेबल घासून सरळ करून घेईन."

त्यांनी लोखंडाचा एक तुकडा डाव्या टोकाला बसवला. मग म्हणाले, हा इथंच कापून दाखवा. माझं मिलिंगचं शिक्षण म्हणाल तर ओळखीच्या कारखान्यात घालवलेले चार रविवार. घाईने हँडल फिरवलं आणि कटर खडखडला. त्यांनी हँडल माझ्या हातून घेतलं नाही. माझ्या हातावर आपला डावा हात ठेवला आणि वेग निम्म्याने कमी केला. लोखंडाचे बारीक, सारखे छिलके पडू लागले. तुकडा गार झाल्यावर त्यांनी त्यावर अंगठा फिरवला, मी गेज फिरवलं. सरळ होता.

"न्या," ते म्हणाले.

रात्री तिथेच राहिले. सकाळी तांड्यावरच्या आठ-दहा जणांनी मशीन पाइपांवरून ढकलत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं, कारण संगमनेरला जायचा टेम्पो गल्लीत येत नव्हता. दोर आवळेपर्यंत हिरामणभाऊ त्यावर हात ठेवून उभे होते. रस्त्यापर्यंत मात्र आले नाहीत. मागे वळून पाहिलं तेव्हा ते शेडमधली रिकामी झालेली जागा झाडत होते.

टेम्पो माझ्यामागून दोन दिवसांनी संगमनेरला पोचला. मशीनवरचं गोणपाट काढताना टेबलाच्या पुढच्या कडेवर लाल ऑइलपेंटच्या दोन रेघा दिसल्या. त्यांच्यामध्ये सावकाश, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: इथून इथवर झीज, सात शतांश. मी रात्री झोपल्यावर त्यांनी ते लिहून वर गोणपाट बांधलं असावं.

मोजमापासोबत त्यातली संभाव्य चूकही लिहा, हे मी वर्गात शेकडो मुलांना सांगितलं आणि वहीत नसली तर गुण कापले. पण स्वतःची वस्तू विकताना तिचा दोष कोणी असा न पुसणाऱ्या रंगात लिहून पाठवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. दुर्बिणी न्यायला येणारे शिक्षक ते वाचतात आणि घासून टाकायचं सुचवतात. टेबल मी एक दिवस सरळ करून घेईन. अक्षरं राहू देणार आहे.