एकही मयत न चुकवणारे शेजारी

इतक्या मयतांना इतक्या हौसेने जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसर गावात कुणी गेलं, की घरच्यांच्या आधी पलीकडचे आयरिश म्हातारे काळा कोट घालून तयार. ओळख असलीच पाहिजे असं काही नव्हतं. तरुणपणी त्यांनी बंदरावर पोती वाहिली, मग युनियन, मग मजूर पक्षाचे खासदार, शेवटी थोडे दिवस मंत्रीही. त्यांच्याकडे म्हणे पुढाऱ्याने सभा चुकवली तर चालतं, मयत चुकवलं की मतं गेली. पुढे निवडणूक हरले, राजकारण सुटलं, बायको वारली, अमेरिकेत मुलीकडे राहायला आले, तरी खोड गेली नाही.

आमच्या ओळखीतले कुलकर्णी काका वारले तेव्हा फ्युनरल होमच्या दारापाशी हेच उभे. येईल त्याचा हात दोन्ही हातांत धरायचे, "तुमच्या दुःखात मी आहे," म्हणायचे आणि लगेच स्वतःचं नाव सांगायचे. काकूंचा हात धरला, मुलाचा धरला, भटजींचा धरला, फुलं घेऊन आलेल्या ड्रायव्हरचाही धरला. माझी सून कुजबुजली, "आई, हे काकांना ओळखायचे का?" मी म्हटलं, "नाही, प्रचाराला आलेत." तेराव्यालाही न बोलावता आले आणि श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

सीनियर सेंटरच्या व्हॅनमध्ये आम्ही शेजारी बसायचो. माझं इंग्रजी मोडकं, त्यांना ऐकू कमी, त्यामुळे गप्पा चांगल्या जमायच्या. व्हॅनमध्ये सगळे मला मावशी म्हणतात, म्हणून तेही म्हणायचे. एकदा मी सरळ विचारलं, "निवडणूक हरलात कशाने?"

"मी मंत्री असताना आमच्या गावचा कारखाना बंद पडला. मला वाचवता आला नाही. मग मतं मागायला गेलो, तर ज्यांच्या बापांना मी खांदा दिला होता, त्यांनी दार उघडलं नाही." मग म्हणाले, "मावशी, इथे तर मला कुणी ओळखतही नाही. माझ्या वेळी कोण येईल?"

"डोकी मोजायला तुम्ही असणार आहात का?" मी म्हटलं. ते हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं.

या मार्चमध्ये ते गेले. मला वाटलं, मी, सून आणि त्यांच्या घरचे, बस. पण चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा मिळेना. कुलकर्णी काकू आणि त्यांचा मुलगा, भटजी, फुलांचा ड्रायव्हर, व्हॅनमधली सगळी म्हातारी मंडळी, शिवाय मी कधी न पाहिलेली कितीतरी माणसं. सगळ्यांना त्यांचं नाव पाठ.

निघताना मी त्यांच्या मुलीचा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या दुःखात मी आहे म्हटलं आणि मग माझं नाव सांगितलं. जरा मोठ्यानेच. त्यांना ऐकू कमी यायचं.